ड्रेसिंग रूमच्या दाराबाहेर उभी राहिलेली बेसबॉल लेखिका

समजा, ऑफिसने तुम्हाला एका महत्त्वाच्या कामासाठी दुसऱ्या शहरात पाठवलं आहे. गळ्यात ओळखपत्र आहे, हातात वही आहे आणि घड्याळ पुढे पळतंय. तुमच्याबरोबर आलेले सगळे पुरुष सहकारी एका दारातून आत जातात. तुम्हीही जाता. दोनच मिनिटांत कुणीतरी पाठीवर हात ठेवून तुम्हाला ढकलत बाहेर काढतं आणि तुमच्या मागे दार लागतं. चूक काय, तर तुम्ही बाई आहात.

२ ऑक्टोबर १९८४ रोजी शिकागोच्या रिग्ली फील्ड मैदानावर क्लेअर स्मिथ यांच्या बाबतीत नेमकं हेच घडलं. त्या अमेरिकेतल्या ‘हार्टफर्ड कुरंट’ या दैनिकासाठी बेसबॉलवर लिहीत होत्या. त्या दिवशी शिकागो कब्ज आणि सॅन डिएगो पाद्रेस यांच्यात बाद फेरीचा पहिला सामना होता. कब्जने तो १३-० असा जिंकला. आपल्या भाषेत सांगायचं तर पाद्रेसचा डावाने पराभव झाला. हरलेल्या संघाच्या खोलीत वातावरण कसं असेल, ते सांगायला नको. क्लेअर आत गेल्या तेव्हा काही खेळाडूंनी शिव्या द्यायला सुरुवात केली आणि त्यांना अक्षरशः ढकलून बाहेर काढण्यात आलं.

आता तुमच्या मनात एक प्रश्न नक्की आला असेल. पुरुष खेळाडू कपडे बदलतात त्या खोलीत बाईने जायचंच कशाला?

प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचं उत्तर समजून घेतल्याशिवाय ही गोष्ट कळणार नाही, म्हणून थोडं थांबू या.

खेळाडू बोलतात कुठे?

आपल्याकडे क्रिकेटचा सामना संपला की कर्णधार माईकसमोर येतो, मग पत्रकार परिषद होते. ड्रेसिंग रूम ही खेळाडूंची खासगी जागा. पत्रकार तिथे जात नाहीत, पुरुषही नाहीत. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये रीत वेगळी आहे. तिथे या खोलीला क्लबहाउस म्हणतात. सामना संपल्यावर काही मिनिटांतच ती पत्रकारांसाठी उघडते. खेळाडू आपापल्या कपाटासमोर बसलेले असतात आणि पत्रकार एकेकाकडे जाऊन विचारतात, तो चेंडू का सुटला, तो फटका कसा बसला, पायाला काय झालं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरमधली बातमी तिथेच तयार होते. आकडे तर स्कोअरबोर्डवर सगळ्यांनाच दिसतात. वाचक पैसे मोजतो तो आकड्यांमागची गोष्ट वाचायला.

म्हणजे ती खोली ही त्या नोकरीची जागा आहे. तिथे जाता आलं नाही तर बातमी मिळत नाही, बातमी मिळाली नाही तर संपादक दुसऱ्याला पाठवतो. ‘तुम्ही बाहेर थांबा, आम्ही खेळाडूला पाठवतो’ असं स्त्रियांना सांगितलं जायचं. खेळाडू आंघोळ करून, कपडे करून, कधी अर्ध्या तासाने यायचा, कधी यायचाच नाही. तोवर पुरुष पत्रकारांच्या बातम्या छपाईला गेलेल्या असायच्या.

खेळाडूंच्या खासगीपणाचं काय? हा मुद्दा कोर्टातही गेला होता. १९७७ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ साप्ताहिकाच्या मेलिसा लुडके यांना क्लबहाउसमध्ये जाऊ दिलं नाही. गंमत म्हणजे लॉस एंजेलिस डॉजर्सच्या खेळाडूंची त्यांना आत येऊ द्यायला हरकत नव्हती. हरकत होती बेसबॉलचे कमिशनर बोवी कून यांच्या कार्यालयाची. त्यांची कारणं काय होती? खेळाडूंच्या बायकांना विचारलेलं नाही आणि खेळाडूंच्या मुलांना शाळेत चिडवतील! लुडके आणि त्यांच्या कंपनीने दावा लावला. निकाल दिला न्यायाधीश कॉन्स्टन्स बेकर मोटली यांनी. अमेरिकेच्या केंद्रीय न्यायालयात नेमल्या गेलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला न्यायाधीश. सप्टेंबर १९७८ मध्ये त्यांनी निर्णय दिला, की केवळ स्त्री आहे म्हणून पत्रकाराला यांकी स्टेडियमच्या क्लबहाउसबाहेर ठेवता येणार नाही. खेळाडूंना लाज वाटत असेल तर पडदा लावा किंवा टॉवेल गुंडाळा, असा साधा उपाय त्या सुनावणीतून पुढे आला. इतक्या सोप्या गोष्टीसाठी एका बाईला कोर्टात जावं लागलं.

पण हा निकाल न्यू यॉर्कच्या यांकी स्टेडियमपुरता होता. बाकीच्या संघांपैकी काहींनी दार उघडलं, काहींनी नाही. १९८४ मध्ये पाद्रेस हा दार न उघडणाऱ्या संघांपैकी होता.

आईचा खेळ

क्लेअर स्मिथ यांना बेसबॉल मिळाला तो आईकडून. मुलीला खेळाचं वेड बापाकडून मिळतं असं आपण गृहीत धरतो, म्हणून मुद्दाम सांगते. पेनसिल्व्हेनिया राज्यात फिलाडेल्फियाजवळच्या एका गावात हे कृष्णवर्णीय कुटुंब राहत होतं. आई जॅकी रॉबिन्सनची भक्त होती. भक्त हाच शब्द बरोबर आहे.

रॉबिन्सन कोण, हे थोडक्यात. १९४७ पर्यंत अमेरिकेच्या मोठ्या बेसबॉल लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना जागा नव्हती. कागदावर नियम नव्हता, पण मालकांचं एकमेकांत ठरलेलं होतं. कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीग होत्या, तिथे उत्तमोत्तम खेळाडू कमी पैशांत खेळून म्हातारे व्हायचे. १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन डॉजर्सने रॉबिन्सनला मैदानात उतरवलं आणि ती भिंत पडली. प्रेक्षकांतून शिव्या, धमकीची पत्रं, प्रतिस्पर्ध्यांचे मुद्दाम लागणारे बूट, हे सगळं सोसून त्या वर्षी त्याने सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा मान मिळवला. त्या काळी देशभरातली अनेक कृष्णवर्णीय कुटुंबं डॉजर्सची झाली. क्लेअरची आई त्यांपैकी एक.

शाळेत असताना क्लेअरने रॉबिन्सनच्या आयुष्यावरचा १९५० चा चित्रपट पाहिला. त्यात त्याची भूमिका त्याने स्वतःच केली होती. घरात आई सांगायची त्या गोष्टी आता पडद्यावर दिसल्या. खेळ म्हणजे फक्त चेंडू आणि बॅट नाही, तर कुणाला आत येऊ द्यायचं आणि कुणाला नाही याचीही ती गोष्ट आहे, हे तिला इतक्या लहानपणी कळलं.

या गोष्टीत आणखी एक स्मिथ आहे. नातं काही नाही, आडनाव तेवढं सारखं. वेंडेल स्मिथ. त्याच्याबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

डेट्रॉइटचा हा मुलगा शाळेच्या वयात उत्तम पिचर होता. एकदा त्याने सामना जिंकून दिला. पाहायला आलेल्या स्काउटने, म्हणजे संघासाठी खेळाडू शोधणाऱ्या माणसाने, हरलेल्या संघाच्या पिचरला करारबद्ध केलं आणि वेंडेलला सांगितलं, की तुला घ्यायला आवडलं असतं, पण तुझ्या रंगामुळे घेता येत नाही. त्या दिवशी त्याने ठरवलं, की हे चित्र बदलण्यासाठी जे करता येईल ते करायचं. तो ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकात क्रीडा पत्रकार झाला. वर्षानुवर्षं त्याने याच एका विषयावर लिहिलं. डॉजर्सचे ब्रँच रिकी योग्य खेळाडूच्या शोधात होते, तेव्हा जॅकी रॉबिन्सनचं नाव सुचवणाऱ्यांत तो होता. मग तो रॉबिन्सनबरोबर गावोगाव फिरला. गोऱ्यांच्या हॉटेलात दोघांनाही खोली मिळत नसे, म्हणून ओळखीच्या घरांत सोय करणं हे कामही त्याचंच. फ्लोरिडातल्या सॅनफर्ड गावातून तर धमक्यांमुळे त्यांना निघून जावं लागलं. आणि सामना सुरू झाला की रॉबिन्सन मैदानात, पण त्याच्यावर लिहिणारा वेंडेल प्रेस बॉक्समध्ये नाही. बेसबॉल पत्रकारांच्या संघटनेचं कार्ड कृष्णवर्णीयांना मिळत नव्हतं. म्हणून मांडीवर टाइपरायटर घेऊन तो प्रेक्षकांत बसून बातमी लिहायचा.

क्लेअर स्मिथ यांच्यासाठी दोन दारं बंद होती, असं मी म्हटलं तर त्यातलं एक वेंडेल स्मिथसारख्यांनी आधीच किलकिलं केलं होतं.

रोजची बातमी, १६२ सामने

पेन स्टेट आणि टेंपल या विद्यापीठांत शिकून क्लेअर यांनी गावाजवळच्या एका छोट्या दैनिकात नोकरी धरली, मग फिलाडेल्फियाच्या ‘बुलेटिन’मध्ये गेल्या. १९८२ च्या जानेवारीत ते जुनं वर्तमानपत्र बंद पडलं. पुढचा मुक्काम हार्टफर्ड. १९८३ पासून ‘कुरंट’ने त्यांना न्यू यॉर्क यांकीजचा पूर्ण हंगाम सोपवला.

‘मोठ्या लीगच्या संघाचा पूर्ण हंगाम सांभाळणारी पहिली महिला’ असं त्यांचं वर्णन बरेचदा केलं जातं. इथे थोडं प्रामाणिक राहायला हवं. कॅनडात टोरांटोच्या ॲलिसन गॉर्डन १९७९ पासून तिथल्या ब्लू जेज संघाबरोबर फिरत होत्या. पत्रकार संघटनेने त्यांना कार्ड दिलं त्यावर छापलं होतं ‘मिस्टर ॲलिसन गॉर्डन’. बाईसाठी वेगळं कार्डच नव्हतं! तेव्हा पहिली कोण, हा वाद सोडून देऊ. अमेरिकेत हे काम करणाऱ्या स्त्रिया तेव्हा हाताच्या बोटांवर मोजता येत होत्या आणि त्यांत कृष्णवर्णीय म्हणून क्लेअर बहुतेक एकट्याच असायच्या, एवढं पुरे.

हे काम असतं तरी कसं? फेब्रुवारीत फ्लोरिडातल्या सराव शिबिरापासून सुरुवात. मग एप्रिल ते सप्टेंबर अखेरपर्यंत १६२ सामने. आपल्या कसोटी मालिकेसारखं पाच दिवस खेळ, मग काही दिवस विश्रांती असं नाही, जवळजवळ रोज सामना. निम्मे सामने दुसऱ्या शहरांत. आणि हार्टफर्डच्या पत्रकारासाठी ‘घरचं’ मैदानही शंभरएक मैलांवर. संघ जिथे जाईल तिथे जायचं, हॉटेलात राहायचं, रात्री सामना संपला की घाईघाईने बातमी पाठवायची, सकाळी पुन्हा खेळाडूंसमोर उभं राहायचं. आदल्या दिवशी ज्याच्याबद्दल वाईट लिहिलं त्याच्यासमोरसुद्धा. जो पत्रकार लिहून पळून जातो त्याला खेळाडू मानत नाहीत. दुसऱ्या दिवशी तोंड दाखवतो त्याच्यावर ओरडतील, पण बोलतील.

त्यातून संघ यांकीजचा. मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर हे व्यवस्थापक बदलण्यासाठीच प्रसिद्ध होते. १९८३ मध्ये बिली मार्टिन, १९८४ मध्ये योगी बेरा, १९८५ मध्ये अवघ्या १६ सामन्यांनंतर बेरांना काढून पुन्हा बिली मार्टिन! एखाद्या सासूने स्वयंपाकघरात रोज नवा आचारी आणावा तसा प्रकार. पत्रकारासाठी मात्र हा खजिनाच. क्लेअर यांनी सुमारे पाच वर्षं हा संघ सांभाळला. बेरकी मालक, चिडके व्यवस्थापक आणि लाखोंचे पगार घेणारे खेळाडू यांच्यामध्ये उभं राहून शांत, नेमके प्रश्न विचारणं ही त्यांची ओळख बनली.

आता पुन्हा शिकागो

तर १९८४ चा तो ऑक्टोबर. रिग्ली फील्डवर तेव्हा दिवे नव्हते (ते आले १९८८ मध्ये), त्यामुळे सामना दुपारचा. यांकीज बाद फेरीत पोहोचलेच नव्हते, म्हणून क्लेअर या मालिकेला आल्या होत्या. पाद्रेसच्या खोलीतून बाहेर काढल्यावर त्या कॉरिडॉरमध्ये उभ्या होत्या. डोळ्यांत पाणी, हातात रिकामी वही, आणि बातमी पाठवायची वेळ जवळ येत चाललेली.

त्यांनी निरोप पाठवून पाद्रेसचा स्टीव्ह गार्वी याला बाहेर बोलावलं. गार्वी म्हणजे त्या संघातला सर्वांत प्रसिद्ध खेळाडू. तो आला. तिला हवा तेवढा वेळ मी इथे थांबेन, असं त्याने सांगितलं. आणि आणखी एक गोष्ट सांगितली, की आता स्वतःला सावर, तुला तुझं काम करायचं आहे. क्लेअर यांनी हा प्रसंग पुढे अनेकदा सांगितला आहे आणि दरवेळी त्यांचा भर या दुसऱ्या वाक्यावर असतो. त्यांना कीव नको होती. समोरचा माणूस आपल्याला पत्रकार समजतो आहे, हे त्या क्षणी जास्त मोलाचं होतं.

त्यांनी प्रश्न विचारले, उत्तरं लिहून घेतली, बातमी पाठवली. सामन्याची बातमी.

पण तोवर दुसरीही बातमी झाली होती. बाकीच्या पत्रकारांनी घडला प्रकार लिहिला. योगायोग असा, की पीटर यूबेरॉथ नावाच्या नव्या कमिशनरनी आदल्याच दिवशी, १ ऑक्टोबरला, सूत्रं हाती घेतली होती. खुर्चीवर बसून एक दिवस झाला नाही तोच हे प्रकरण समोर. त्यांनी समिती नेमली नाही, ‘बघू’ म्हटलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्पष्ट केलं, की मोठ्या लीगच्या सगळ्या संघांची क्लबहाउस स्त्री आणि पुरुष पत्रकारांना सारखीच खुली राहतील. सात वर्षांपूर्वीच्या कमिशनर कार्यालयाची भूमिका आठवा आणि ही बघा.

क्रिकेटप्रेमींना उत्सुकता असेल म्हणून सांगते, पाद्रेसने पहिले दोन सामने गमावले आणि पुढचे तीन जिंकून मालिका खिशात घातली. चौथ्या सामन्यात शेवटच्या क्षणी विजयी फटका मारणारा खेळाडू होता स्टीव्ह गार्वी. कथेत लिहिलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता.

नियम झाला म्हणून शेरे, कुजबुज, मुद्दाम केलेले ओंगळ विनोद लगेच थांबले असं नाही. त्या काळातल्या अनेक क्रीडा पत्रकार स्त्रियांनी नंतर आपले अनुभव सांगितले आहेत, ते वाचवत नाहीत. पण आता ‘तू इथे का’ असं विचारणाऱ्याला दाखवायला हातात नियम होता.

पुढची वर्षं

१९९१ मध्ये क्लेअर ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये बेसबॉल स्तंभलेखिका झाल्या. १९९४ मध्ये खेळाडूंचा संप झाला आणि वर्ल्ड सिरीजच रद्द झाली, तो सगळा काळ त्यांनी तिथे काढला. कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात दिसतात, मग व्यवस्थापकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या खुर्च्यांवर का दिसत नाहीत, हा प्रश्न त्या पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. १९९८ मध्ये ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’, २००७ मध्ये ‘ईएसपीएन’ वाहिनी. तिथे त्यांचं काम पडद्यामागचं होतं. प्रसारण चालू असताना समालोचकांना मजकूर आणि संदर्भ पुरवायचे. टीव्हीवर चेहरा नाही, लेखावर नाव नाही. तिशी-चाळिशीत जगभर नाव झालेल्या व्यक्तीला असं काम कमीपणाचं वाटू शकतं. त्यांनी ते वर्षानुवर्षं केलं.

डिसेंबर २०१६ मध्ये बेसबॉल पत्रकारांच्या संघटनेने आपला सर्वोच्च सन्मान त्यांना जाहीर केला. १९६२ पासून सुरू असलेला हा पुरस्कार तोपर्यंत एकाही स्त्रीला मिळाला नव्हता. कृष्णवर्णीय मानकरी त्यांच्याआधी तीनच: वेंडेल स्मिथ, सॅम लेसी आणि लॅरी व्हाइटसाइड. वेंडेलला तो मिळाला १९९३ मध्ये, मृत्यूनंतर २१ वर्षांनी. ज्या संघटनेने त्याला प्रेस बॉक्समध्ये बसू दिलं नव्हतं, तिच्याचकडून.

पुरस्काराच्या नावाचीही गोष्ट आहे. तो होता जे. जी. टेलर स्पिंक यांच्या नावाचा. स्पिंक हे ‘स्पोर्टिंग न्यूज’ या बड्या साप्ताहिकाचे प्रकाशक. कृष्णवर्णीय खेळाडूंना मोठ्या लीगपासून दूर ठेवण्याची तरफदारी करणारा अग्रलेख १९४२ मध्ये याच साप्ताहिकात छापून आला होता. क्लेअर यांनी पुरस्कार घेतला तेव्हा त्यावर स्पिंक यांचंच नाव होतं. २०२१ मध्ये संघटनेने मतदान घेऊन ते काढून टाकलं.

२०१७ च्या जुलैमध्ये कूपर्सटाउन या छोट्याशा गावात, बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमच्या सोहळ्यात, क्लेअर स्मिथ भाषणाला उभ्या राहिल्या. ज्या ज्या पत्रकारांना रंगामुळे किंवा स्त्री असल्यामुळे अडवलं गेलं आणि तरीही ज्यांनी काम सोडलं नाही, त्या सगळ्यांच्या वतीने आपण हा सन्मान स्वीकारत आहोत, असं त्यांनी सांगितलं. आईचं नाव घेतलं, जॅकी रॉबिन्सनचं घेतलं. मेलिसा लुडके यांच्यासारख्या आधीच्या स्त्रियांची आठवण ठेवली. आणि स्टीव्ह गार्वीचे आभार मानले.

आता त्या टेंपल विद्यापीठात शिकवतात, ज्या विद्यापीठात स्वतः शिकल्या तिथेच. तिथल्या क्रीडा पत्रकारितेच्या केंद्राला २०२१ मध्ये त्यांचं नाव देण्यात आलं. सामना संपल्यावर खेळाडूला पहिला प्रश्न काय विचारायचा, हे त्या वर्गात शिकणाऱ्यांत आता मुलीही असतात.